कडव्यांची अदलाबदल

“कुठलंही कडवं कापलं तरी गाणं लंगडता कामा नये. एवढं तू सांभाळ, बाकी मी सांभाळतो.”

पहिल्या रेकॉर्डिंगच्या दिवशी आमचे संगीतकार मला असं म्हणाले होते. गाणी लिहिताना मी ते आयुष्यभर सांभाळलं. रेडिओला दोन कडवी हवी असोत, सिनेमाला एक. माझं गाणं कुठूनही कातरा, ते आपल्या पायावर उभं. देवाच्या दयेने नावही झालं. पण ती गाणी ऐकताना माणसांचे चेहरे कसे होतात, ते मात्र मी कधी पाहिलं नव्हतं. स्टुडिओत काचेमागच्या खोलीत गेलेलं गाणं मला परत भेटायचं ते थेट कुणाच्या तरी खिडकीतून.

म्हणून बहिणीच्या लेकीने तिच्या नाटकासाठी गाणी मागितली, तेव्हा मी एका पायावर तयार झाले.

“या वयात रंगमंचावर उडी?” हे पेपरामागून म्हणाले. “पडलीस तर उचलेन मी. फक्त आधी माझ्या कंबरेला विचारून घे.”

“पडणार नाही,” मी म्हटलं.

नाटकात एक शिंपीण आहे, उतारवयातली. मुलगा म्हणतो, दुकान विक आणि माझ्याकडे राहायला ये. ती हो म्हणते. मग गाणं आहे. आणि गाण्यानंतर ती नाही म्हणते. हे एक गाणं जमलं की सगळ्या नाटकाची गाणी माझी, असं भाचीने ठरवलं होतं. दिग्दर्शिका तीच.

मी तीन कडवी लिहून दिली. शिंपिणीचं काम करणाऱ्या नटीला सगळे तोफ म्हणतात, कारण तिची कुजबुजसुद्धा रस्त्यावर ऐकू जाते. तिने तालमीच्या हॉलमध्ये गाणं म्हटलं आणि टाळ्या पडल्या.

भाचीने टाळी वाजवली नाही. “तोफे, आता तिसरं कडवं आधी घे. मग पहिलं.”

तोफेने तसं घेतलं. पुन्हा टाळ्या.

“कुणाला काही खटकलं?” भाचीने विचारलं. कुणालाच नाही. मला तर मनातून अभिमानच वाटला.

“इथेच घोडं पेंड खातंय, मावशी,” ती माझ्या शेजारी येऊन बसली. “गाणं फार गोड आहे. पण ही बाई गाण्याच्या आधी जिथे होती, गाणं संपल्यावरही तिथेच आहे. मग ती नाही म्हणते ती कशाच्या जोरावर?”

“तीन कडव्यांत कुणाचं मन बदलतं का गं?”

“नाटकात बदलावं लागतं. गुरुवारपर्यंत बघ. नाही जमलं तर हा प्रसंग नुसता बोलूनच करीन, आणि बाकीची गाणी दुसऱ्या कुणाला… हे आईला सांगू नकोस हं. घरात घ्यायची नाही मला.”

“गुरुवारी आणते,” मी म्हटलं.

घरी बसले आणि ओळी धो धो आल्या. एकापेक्षा एक देखणी कडवी, पण वेगळ्या चुली मांडलेल्या जावांसारखी. एकीचं दुसरीवाचून काही अडत नव्हतं. हाताला वळणच तसं पडलेलं.

सकाळी माझं मौन असतं, दुपारपर्यंत. एरवी त्या वेळात मी घराबाहेर पडत नाही. बुधवारी पडले आणि हॉलच्या कोपऱ्यात जाऊन बसले. बोलायची सोय असती तर सवयीने कुठला शब्द कसा घ्यायचा ते सांगत सुटले असते. आता नुसतं बघत होते.

गाणं अजून हातात नव्हतं. भाची तोफेला म्हणाली, “गाण्याच्या जागी काहीतरी करत राहा.”

तोफेने दुकान आवरायला घेतलं. गळ्यातली टेप काढून गुंडाळली. मशीनवर झाकण घातलं आणि त्यावर हात ठेवून जरा थांबली. मग कात्री उचलली, ड्रॉवर उघडला, आणि कात्रीतून तिची बोटं निघेनात.

“अगं बाई, ही सुटतच नाही!” ती स्वतःच हसायला लागली.

मी तडक घरी गेले आणि लिहायला बसले.

पहिल्या कडव्यात टेप गुंडाळताना शिंपीण सुटकेचा श्वास टाकते. दुसऱ्यात मशीन झाकताना ती विचारते, ‘उद्या उजाडेल, तेव्हा हातांना काय सांगू?’ तिसऱ्यात कात्री.

गुरुवारी तोफेने ते म्हटलं. गाणं संपलं तरी टाळी पडली नाही. कोणी हललंसुद्धा नाही. मी एकेक चेहरा बघून घेतला.

“आता तिसरं आधी,” भाची म्हणाली.

तोफेने कमरेवर हात ठेवले. “कसं घेऊ? टेप गळ्यात, मशीन उघडं, आणि मी कात्री ठेवायला निघाले? वेड लागलंय का मला?”

सगळा हॉल हसला. भाचीने माझा हात दाबला. “सगळं नाटक तुझं, मावशी.”

मला ते ठाऊकच होतं, तरी ऐकायला बरं वाटलं.

निघताना मुलाचं काम करणारा नट जिन्यापर्यंत आला. उंच, अबोल पोरगा. “मावशी, आईला एवढं सुरेख गाणं दिलंत. आता लोक मला शिव्या घालणार. पण मी तिला छळत नाही हो. तिची पाठ दुखते, ते मला बघवत नाही.”

मी थबकले. त्याच्या बाजूने मी एकदाही पाहिलं नव्हतं.

“तुझंही म्हणणं गाण्यात येईल,” मी म्हटलं. “शब्द देते.”

“लिहाल कधी?”

“आधी तुला नीट पाहू तर दे.”

दुसऱ्या दिवशी प्रार्थना आटोपली, तेव्हा हे अजून झोपलेले होते. त्यांचा चहा झाकून ठेवला, आवाज न करता दार ओढून घेतलं, आणि त्या पोराची तालीम सुरू व्हायच्या आत पोचायचं म्हणून चालू लागले.