वैरिणीचा चेहरा

नवापूरच्या कमळीने नऊ वर्षं थोरल्या जावेशी एक शब्द काढला नव्हता, पण तिचं तोंड मात्र रोज बघितलं होतं. बोईसरच्या मासळी बाजारात दोघी समोरासमोर बसत. दाराजवळची जागा सासूची. ती गेल्यावर थोरली म्हणून रत्नाबाईने मागितली. सासूबरोबर बारा वर्षं पाट्या वाहिल्या म्हणून कमळीने सोडली नाही. पंचांनी कमळीच्या बाजूने निकाल दिला. तेव्हापासून रत्नाबाई समोरून रोखून बघायची आणि कमळीही नजर खाली घेत नसे. गिऱ्हाईक कमळीकडे वळलं की रत्नाबाईची डावी भुवई चढे. खोटा भाव सांगताना तिचा खालचा ओठ आत जाई. रत्नाबाईच्या नवऱ्यालाही हे एवढं ठाऊक नसेल.

जानेवारीत पालघरहून दीपिका नावाची मुलगी कॅमेरा घेऊन गावात आली. बायकांनी एकेक करून खुर्चीत बसायचं, तीन मिनिटं कॅमेऱ्याकडे बघायचं, बोलायचं नाही. आवाज नकोच, चेहरा काय सांगायचं ते सांगेल, असं तिचं म्हणणं. आठवडाभरात वीसेक जणी बसल्या. रत्नाबाई बसणार हे कळलं तेव्हाच कमळीही तयार झाली. रत्नाबाईचा नंबर सगळ्यात शेवटी, रविवारी सकाळी लागला. त्याच दिवशी पाच वाजता शाळेच्या वर्गात, खिडक्यांना चादरी लावून, सगळ्यांचे चेहरे पडद्यावर दाखवले.

कमळीचा चेहरा आला तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, ही कॅमेऱ्याला खाते की काय. लोक हसले. कमळीला त्याचं काही वाटलं नाही. ती रत्नाबाईची वाट बघत होती.

पहिलं मिनिट ओळखीचंच होतं. ताठ मान, दाबलेले ओठ. मग डावी पापणी उजवीच्या मागून, उशिरा मिटली. ओठाचा डावा कोपरा किंचित खाली आला आणि तिथेच राहिला. बाकी कुणाला त्यात काही दिसलं नाही. कमळीला दिसलं. तिच्या बापाचा चेहरा असाच एका बाजूने उतरला होता आणि तिसऱ्या दिवशी तो गेला होता.

दिवे लागल्याबरोबर ती रत्नाबाईपुढे जाऊन उभी राहिली.

"तुझं तोंड वाकडं झालंय."

नऊ वर्षांनी बोलली ती हे बोलायला, असं बायका पुटपुटल्या. रत्नाबाईचा मुलगा रूपेश मधे आला आणि काकीला म्हणाला, इथं भांडण नको. कमळीने त्याला बापाचं सांगितलं, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे ने म्हणाली. तो ऐकेना. हिला बाहेर काढा, असं रत्नाबाई म्हणाली. तिची जीभ जड झाली होती, पण लोकांना तो राग वाटला.

"हसून दाव," कमळी म्हणाली.

रत्नाबाईने बाजारात बघायची तसंच रोखून बघितलं. ही सांगेल म्हणून ती हसणार नव्हती. ती कशाने हसेल हे कमळीला माहीत होतं. एकच गोष्ट होती.

"दारातली जागा तुझी हाय. पंचांचं चुकलं. मी बळकावली. उद्यापासून तू बस."

रत्नाबाई हसली. नऊ वर्षं वाट बघितलेलं हसू, पण ते उजव्या गालावरच उमटलं. डावा गाल ढिम्म हलला नाही. ते सगळ्यांनी बघितलं. रूपेश रिक्षा आणायला धावला.

मेंदूत रक्ताची गुठळी होती. आणखी उशीर झाला असता तर वाचाही गेली असती, असं बोईसरच्या डॉक्टरांनी सांगितलं.

दीड महिन्याने रत्नाबाई काठी टेकत बाजारात आली आणि सरळ दारातल्या जागेवर बसली. कमळीने सांगून बघितलं की ते मी तुला हसवायला बोलले होते.

"सगळ्यांसमोर बोललीस," रत्नाबाई अडखळत म्हणाली. "आता फिरू नको."

आजूबाजूच्या बायकांनी माना फिरवल्या. त्यांनीही ऐकलं होतं. कमळीने पाटी उचलली आणि मागे, गटाराजवळ जाऊन बसली. तिथे गिऱ्हाईक फिरकत नाही.

रूपेशला काकीला साडी-नारळ द्यायचा होता. आईने नेऊ दिला नाही. गावासमोर मला वाकडी म्हणाली ती, असं तिचं म्हणणं. कमळीच्या कानावर हे आलं तेव्हा ती कोळंबी सोलत होती. आणली असती तर त्या साडीने मी ओटा पुसला असता, एवढंच ती म्हणाली.