बत्तीस वेळा दोन

"गुणाजी, हे काय आहे?" पद्मजा मॅडमनी कागद माझ्यासमोर सरकवला.

"तक्ता आहे."

"ते दिसतंय मला. आकडे वाचा."

मी वाचले. वरपासून खालपर्यंत बत्तीस मुद्दे आणि बत्तीस वेळा दोन. बेरीज चौसष्ट. अक्षर माझं होतं, सही माझी होती.

"पाणी दोन, गोष्ट सांगणं दोन, संडास दोन, मुलांशी बोलणं दोन. अहो, एखादा तरी तीन? गेला बाजार एखादा एक?"

मॅडम चार महिन्यांपूर्वी मुलुंडच्या ऑफिसातून आमच्याकडे आल्या होत्या. वाईट नव्हत्या. फक्त घाईत असायच्या.

"त्या चेतनाबाईंचा अर्ज आलाय. परत येऊन बघा म्हणतात. शुक्रवारी यादी वर जाते, गुणाजी. ऐंशीच्या खालची बालवाडी बंद, मुलं लिंक रोडच्या पलीकडच्या बालवाडीत. तुम्हाला माहीत आहे हे."

"माहीत आहे."

"मग उद्या जा. श्रुतिका बरोबर येईल. दोघांनी वेगवेगळा तक्ता भरायचा, एकमेकांचं बघायचं नाही. समजलं?"

समजलं होतं. नियम मीच नव्या मुलांना शिकवायचो.

आमची संस्था कांदिवली, मालाड, बोरिवलीच्या वस्त्यांमध्ये बालवाड्या चालवते. त्या कशा चालल्या आहेत हे वर्षातून एकदा मोजायचं, हे माझं काम. त्याआधी मी चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पॅकिंगला होतो. ती कंपनी वापीला गेली आणि मी इथे लागलो. आठ वर्षं झाली. कोपऱ्यात खुर्ची टाकून तीन तास बसायचं. मुलांशी बोलायचं नाही, खेळायचं नाही, चहासुद्धा घ्यायचा नाही. जे दिसेल ते लिहायचं, बाई जे सांगेल ते नाही. एक म्हणजे नाहीच, दोन म्हणजे थोडंफार, तीन चांगलं, चार उत्तम. आणि तक्ता त्या खोलीतच पुरा करून उठायचं. बाहेर पडल्यावर आठवून भरलेला तक्ता खोटा धरतात.

तो तक्ता मी बस स्टॉपवर भरला होता.

कुंदा, माझी बायको, दीड महिन्यापूर्वी गेली. सकाळी दूध तापवायला उठली आणि ओट्यापाशी खाली बसली. मी म्हटलं, काय गं. ती म्हणाली, काही नाही. रिक्षात घातली तेव्हा हात गरम होते. हॉस्पिटलमध्ये त्यांनी आत नेलीही नाही. आम्हाला मूल नाही, अग्नी तिच्या भाच्याने दिला. ऑफिसला मी फोन केला की पाच दिवस येत नाही, घरी काम आहे. शिपाई बरं म्हणाला. सहाव्या दिवशी मी कामावर निघालो तेव्हा शेजारचे भाऊ जिन्यात आडवे आले.

"अरे गुणाजी, सुतकात कामार जातस?"

"घरात बसून काय करू, भाऊ?"

ते बाजूला झाले. त्या दिवशी माझ्या वहीत चेतनाबाईंची बालवाडी होती, या वर्षीच माझ्याकडे आलेली. मी तीन तास तिथे बसलो एवढं मला आठवतं. पंख्याचा आवाज आठवतो. दुसरं काही नाही. स्टॉपवर येऊन बघितलं तर वहीत दोन-तीन तुटक ओळी होत्या आणि तक्ता कोरा होता. मी दोन लिहिलं. मग खाली दोन लिहिलं. ते लिहायला सोपं जात होतं. ऑफिसात कुणाला सांगितलं नाही. लपवायचं नव्हतं. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं.

गुरुवारी सव्वासातला आम्ही पोचलो. श्रुतिका पंचविशीची आहे, तिने बालशिक्षणात एम. ए. केलंय आणि ती सारखी घड्याळ बघते. इस्टेटच्या मागच्या भिंतीला लागून वस्ती आहे. तिथल्या बुद्धविहाराची खालची खोली म्हणजे बालवाडी. चेतनाबाई दारात उभ्या होत्या. चाळिशीच्या, ओढणी कंबरेला बांधलेली.

"या, काका. आज दोघं?" मग श्रुतिकाकडे बघून, "तुम्ही तरी डोळे उघडे ठेवून बसा, मॅडम. हे काका मागच्या वेळी उघड्या डोळ्यांनी झोपले होते."

"बाई!" सोनूबाई आतून ओरडल्या. त्या मदतनीस. "मार्क द्यायला आलेत ना ते! जरा गोड बोला."

"गोड बोलून चौसष्ट आले, सोनूबाई. आता तिखट बोलून बघू."

मी हसलो नाही. हसू येत नव्हतं म्हणून, नियम होता म्हणून नाही. मी माझ्या कोपऱ्यात बसलो, श्रुतिका समोरच्या.

या वस्तीतल्या बाया चारकोपच्या सेक्टरमधल्या बिल्डिंगांत घरकामाला जातात. पहिलं काम आठचं. त्यामुळे इथली मुलं लवकर येतात, झोपेतली, काही कडेवर. आया दारातूनच वळतात. या वेळी मी ठरवलं होतं की दर पाच मिनिटांनी जे दिसेल ते लिहायचं. मला काय वाटतं ते लिहायचं नाही. वाटत तसंही काही नव्हतं.

सात पस्तीस. खिडकीखाली एक लांब बाकडं आहे. चार मुलं त्यावर उभी. बाहेर बघतात. रडतात दोघं. बाई त्यांना ओढत नाही. "आली का तुझी आई कोपऱ्यावर?" असं विचारते.

सात चाळीस. कोपऱ्यावर एक बाई वळून हात हलवते. बाकड्यावरची मुलगी हात हलवते. आई दिसेनाशी होते. मुलगी अजून उभीच. बाई म्हणते, "झालं की ये." मुलगी बराच वेळ उभी राहते. मग आपण होऊन उतरते आणि बुचांच्या डब्याकडे जाते.

मागच्या वेळी माझ्या वहीत एवढंच होतं: मुलं खिडकीशी उभी, उपक्रम सुरू नाही. हा उपक्रमच होता. आठ वर्षांत मी दोनशेवर बालवाड्या पाहिल्या. रडणारं मूल दिसलं की खाऊ दाखवतात, बाहुली दाखवतात, नाहीतर ते बघ काऊ म्हणतात. रडून होईपर्यंत उभं राहू देणारी बाई मी पाहिली नव्हती.

आठ दहा. पाणी. माठातून मुलं स्वतः घेतात. सांडतं. एक मुलगा फडकं आणतो, पुसतो, त्याला कुणी सांगितलेलं नाही. मागच्या वेळी मी लिहिलं होतं: फरशी ओली.

साडेआठ. बाई गोष्ट सांगते. मध्येच एक भोजपुरी बोलणारी मुलगी काहीतरी विचारते. बाईला सगळं समजत नाही. ती दुसऱ्या मुलाला म्हणते, "काय म्हणते रे ही?" तो सांगतो. गोष्ट पुढे जाते.

इस्टेटमधल्या टाकाऊ मालातून आणलेली दोऱ्याची रिळं, फोमचे तुकडे आणि पुठ्ठ्याची खोकी एका कडेला रचलेली होती. खोक्यांवर ठोकलेल्या पिना सगळ्या काढून जागेवर कागद चिकटवला होता. पॅकिंगमध्ये मी वीस वर्षं काढली, त्या पिना हाताला किती लागतात मला माहीत आहे. चाळीसएक खोकी होती. मी लिहिलं: सुरक्षितता, चार.

नऊच्या सुमारास एक मुलगा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. छातीवरच्या पट्टीवर प्रबुद्ध लिहिलं होतं.

"तू कोणाला न्यायला आला?"

मी वहीत बघितलं. उत्तर द्यायचं नाही, असा नियम आहे.

"तुझं कोण आहे इकडे?"

समोरून श्रुतिका बघत होती. मी पेन धरून बसलो.

"बोलत नाही," प्रबुद्धने मागे वळून बाईंना सांगितलं.

"नसेल बोलायचं त्यांना," चेतनाबाई म्हणाल्या. "बसू दे."

"मग तिकडं बाकड्यावर उभं राहायला सांग ना."

"ते मोठे आहेत. त्यांचं ते बघतील."

त्याने माझ्याकडे आणखी थोडं पाहिलं आणि तो गेला. मी लिहिलं: नऊ तीन, एक मूल निरीक्षकाजवळ आले, शिक्षिकेने मुलाला गप्प केले नाही, निरीक्षकालाही अवघडवले नाही. मग आकडा घातला. हात व्यवस्थित चालत होता.

साडेदहाला तक्ते पुरे झाले. नियमाप्रमाणे आम्ही ते तिथेच शेजारी ठेवले. माझे एकशे चार, श्रुतिकाचे एकशे एक. दोन मुद्द्यांवर एका आकड्याचा फरक होता, आणि एका मुद्द्यावर मला तीन लिहायचे होते तिथे चार पडले होते. ते मी दुरुस्त केलं. एकशे तीन.

श्रुतिका हळू आवाजात म्हणाली, "काका, चौसष्टवरून एकशे तीन? दीड महिन्यात? कोण विश्वास ठेवणार?"

मी उठून चेतनाबाईंकडे गेलो. तक्ता पुरा झाला होता, आता बोलायला हरकत नव्हती.

"मी आलो होतो त्या दिवशीही असंच होतं?"

"असंच म्हणजे?"

"बाकडं. पाणी. सगळं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मस्करी करायचं त्यांच्या मनात आलं असावं, पण केली नाही.

"बाकडं नऊ वर्षं आहे, काका. तुम्ही याच खुर्चीत बसला होता. ही सगळी पोरं होती. एक पण गोष्ट बदललेली नाही." मग थांबून म्हणाल्या, "पलीकडे पाठवणार नाहीत या बायका. लिंक रोड ओलांडून कोण सोडायला जाणार सकाळी सातला? घरात कोंडून जातील पोरांना. पहिलं तसंच होतं. म्हणून मी भांडतेय. माझ्यासाठी नाही."

"समजलं," मी म्हणालो.

रिक्षात श्रुतिका मोबाइलवर नियम शोधत होती. "काका, दोनच पर्याय आहेत. 'कार्यक्रमात सुधारणा झाली' लिहिलं तर नवे मार्क पुढच्या वर्षी धरतात. म्हणजे यादीत नाव राहणार. आणि दुसरा..." ती थांबली.

"निरीक्षकाची चूक."

"त्यात जुना तक्ता रद्द होतो. पण निरीक्षकाला फील्डवरून काढतात. वाट लागेल काका तुमची. आपण मॅडमना विचारू ना, मधलं काहीतरी असेल."

मधलं काही नव्हतं. ते नियम बनवताना मी मीटिंगला होतो.

मॅडमनी दोन्ही तक्ते वाचले, मग जुना वाचला. श्रुतिकाला त्यांनी बाहेर पाठवलं.

"तुमची तब्येत बरी नव्हती का त्या दिवशी? आजारपण असेल तर बघता येईल. डॉक्टरची चिठ्ठी आणा, मागची तारीख चालेल."

"तब्येत बरी होती."

"गुणाजी, मी तुम्हाला वाचवायला बघतेय."

"हो मॅडम. पण तब्येत बरी होती."

मी फॉर्म ओढून घेतला. 'बदलाचे कारण' असा रकाना असतो, तीन ओळींचा. मी 'निरीक्षकाची चूक' वर खूण केली आणि खाली लिहिलं: मी हजर होतो. पाहिले नाही. तक्ता बाहेर जाऊन भरला. शिक्षिकेचा दोष नाही.

मॅडमनी उलट्या बाजूने वाचलं. "पण का? तुम्ही आठ वर्षं काम करताय. आधीचे तुमचे तक्ते मी काढून बघितले काल. एकेका आकड्याला दोन-दोन ओळी लिहिल्यात."

"माझी बायको वारली होती. सहावा दिवस होता."

बाहेर कुणीतरी प्रिंटर चालू केला. मॅडमनी हातातला जुना तक्ता खाली ठेवला.

"आम्हाला कुणालाच..." त्या म्हणाल्या. "अहो, मग हे लिहा ना. हेच लिहा इथे. जागा आहे अजून एका ओळीची. वरचे लोकही माणसंच आहेत."

मी त्या ओळीकडे बघितलं. जागा होती. कुंदाचं नाव लिहायला पुरली असती.

"नको," मी म्हणालो. "चूक माझी आहे. तिचं नाव या रकान्यात नको."

मॅडमनी पुन्हा सांगितलं नाही. जुन्या तक्त्यावर त्यांनी दोन तिरक्या रेघा मारल्या, मध्ये रद्द लिहिलं आणि सही केली. मग उद्याच्या यादीतून सातव्या क्रमांकाचं नाव खोडलं. खालचे क्रमांक बदलावे लागले, ते त्यांनी एकेक करून बदलले. मी खाली सही केली आणि तारीख विचारली. त्यांनी सांगितली.

फील्डचं ओळखपत्र गळ्यातून काढून मी टेबलावर ठेवलं. त्यांनी ते उचललं नाही. त्यावरचा फोटो नोकरीच्या पहिल्या आठवड्यातला आहे. त्या सकाळी कुंदाने मला सदरा काढायला लावून पुन्हा इस्त्री केली होती. फोटोत फक्त कॉलर दिसते.