आत्याचं काजळ

आमच्या घरात बारशाला बाळाच्या डोळ्यांत पहिलं काजळ आत्या घालते. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, देव जाणे. माझ्या सितारामला आक्कांनीच घातलं होतं. आता धाकटीही त्याच बोटाची वाट बघत पाळण्यात पडली होती.

आक्का म्हणजे माझी थोरली नणंद, बायनाबाई. लहानपणापासून त्यांच्या डोळ्यांत खुपऱ्या. पुढं पापण्यांचे केस आत वळले, बुबुळावर घासायला लागले. त्यापायी नवऱ्यानं सोडलं, तेव्हापासून त्या आमच्याकडेच. ते केस मी दर बाजाराच्या दिवशी चिमट्यानं उपटून काढायचे. ऑपरेशनसाठी परभणीची तारीख मिळाली, तर नेमक्या नामांतराच्या दंगलीत एसट्या बंद. पुढं कधीतरी ऑपरेशन झालं, घासणं थांबलं. तोवर एक डोळा गेला होता आणि दुसऱ्याला नुसता उजेड कळायचा.

धाकटीच्या वेळी मला दिवस गेले होते, तेव्हा बोरीच्या दवाखान्यातल्या गीताबाई नर्स घरी आल्या. सितारामचे लाल डोळे बघून त्यांनी त्याची पापणी उलटी केली. आत खसखशीसारखे दाणे होते.

"खुपऱ्या," त्या म्हणाल्या. "एकाच्या डोळ्यातली घाण दुसऱ्याच्या डोळ्यात जाते. बोटानं, पदरानं, माशीनं. काजळाची डबी घरात एकच आहे ना?"

एकच होती. आक्कांची. आधी त्यांचा डोळा, मग सितारामचा, बोट तेच.

गीताबाईंनी घरातल्या सगळ्यांसाठी मलम दिलं. तोंड रोज धुवा, प्रत्येकाचं फडकं वेगळं ठेवा म्हणाल्या. पोराचं वेळेवर कळलं, डोळे वाचतील, असंही म्हणाल्या. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. वाईटही वाटलं नाही. आत सगळं बधिर झालं होतं, फार वेळ मांडी घालून बसल्यावर पाय होतो तसं.

बारसं जवळ आलं तसं मी नवऱ्याला म्हणाले, "आक्कांना काजळ घालू देऊ नका."

"आई गेल्यावर तिनंच मला वाढिवलं," सूर्यभान म्हणाले. "आता तिला पाळण्यापाशी अडवू व्हय? तूच सांग."

तूच सांग! घरातलं कडू बोलायला यांना बरी बायको सापडते. मी आक्कांपाशी जायचे, तोंड उघडायचे आणि काहीतरी मागून परत यायचे. एकदा मीठ, एकदा सुपली.

बारशाला बायका जमल्या. पाळणा म्हणून झाला, नाव ठेवून झालं, नर्मदा. आक्का पाळण्याशी आल्या. डबी उघडून बोट बुडवलं आणि दुसऱ्या हातानं पोरीला चाचपायला लागल्या. पोट, छाती, गळा. हात गालावर पोचला आणि काळं बोट पुढं आलं.

मी त्यांचं मनगट धरलं. घट्ट, सगळ्यांदेखत.

"घालू नका आक्का."

त्यांनी हात सोडवून घेतला नाही.

"डोळा न्हाई ग हुडकायले मी," त्या हळूच म्हणाल्या. "पाय हुडकायले. तळपायाला तीट लावावी म्हणलं. नर्सबाई बोलायल्या तवा मी वसरीतच हुते की. डोळे गेलेत माजे, कान न्हाई गेले. पोरीचं डोकं कुण्या अंगाला हाय, तेवढं तरी सांगायचंस."

मी ते मनगट तसंच धरून पायाकडं नेलं. आक्कांनी तळपाय चाचपला आणि त्यावर एवढासा ठिपका लावला. मग डबी बंद करून माझ्या हातात दिली.

"चुलीत टाक," त्या म्हणाल्या. आणि मग, फक्त मला ऐकू जाईल असं, "पंचफुला, सितारामला माज्याच बोटानं झालं ना ग?"

"न्हाई," मी म्हणाले.

त्यांचं मनगट अजून माझ्या हातात होतं, आणि ते म्हणताना माझी बोटं त्यावर आवळली गेली होती. ते त्यांना कळल्याशिवाय राहिलं नसेल.