तुलनेसाठी एक बंगला

साहेब, पाणी नसलं की माणसाचे हाल होतात, याचासुद्धा पुरावा तुम्ही मागितलात. नाव कशाला घ्यायचं, महापालिकेतली खुर्ची तुमचीच होती.

दुसरं वर्षही कोरडं गेलेलं. शहरात गारखेड्यामागं इमारती मात्र पावसावाचून उगवत होत्या. आमच्या गल्लीतली मोनिका गल्लीसाठी टँकर मागायला आली, तर तुम्ही विचारलंत, "काय करता?"

"समाजशास्त्रात पीएचडी."

"मग आजवरचे अभ्यास वाचून सिद्ध करा. पण रोज पाणी येणाऱ्या ठिकाणाशी तुलना असेल, तेच अभ्यास धरायचे. शास्त्र आहे हे."

मोनिका पद्धतशीर आढावा घ्यायला नुकतीच शिकत होती. नियम आधी लिहायचे, मध्येच बदलायचे नाहीत. छापलेलं, न छापलेलं, सगळं शोधायचं. वगळलं तर कारण लिहायचं. शहरावरचे अभ्यास ढिगानं निघाले आणि ढिगानंच बाद झाले. रोज पाणी येणारं ठिकाण कुणाला सापडलंच नव्हतं.

"मग उरलं काय?" सिल्लोडहून आलेल्या आईनं, आवडाबाईनं विचारलं.

"शून्य."

"रिकामी घागर घरात बी व्हती की. त्यापायी एवढी शिकलीस व्हय?"

शून्य ऐकून तुम्ही खूश. "पुरावा नाही, म्हणजे टंचाई नाही. अहवाल बंगल्यावर आणून द्या."

मायलेकी आल्या. वाटेत नळ दिसला तर असावी म्हणून आवडाबाईच्या कडेवर घागर. आत ड्रायव्हर पाइपानं गाडी धूत होता. हिरवळीत पाय रुतत होते. आवडाबाईनं पाइप ओढून घागरीत सोडला.

"आई, काय करतीस!"

"नमुना घेते. तू लिही. ह्यो ड्रायव्हर म्हणतो, रोज येतंय पाणी."

मोनिकानं पायरीवर बसून दोन पानं लिहिली. एकीकडं गल्ली, एकीकडं बंगला. नियमात बसणारा पहिला अभ्यास.

तुम्ही बाहेर आलात. "हे छापलेलं कुठंय?"

"न छापलेलंही चालतं, साहेब."

"मग तुलनेचा नियमच काढा!"

"काढते. पण मग बाद केलेला सगळा ढीग परत आत येतो."

आवडाबाईनं भरली घागर डोक्यावर घेतली. "लवकर बोला, मान अवघडली माझी."

मोनिकानं पेन पुढं केलं. ते अजून तसंच पुढं आहे, साहेब. बंगला धरला तर पुरावा झाला, टँकर पाठवा. वगळायचा असेल तर कारण तुमच्या हातानं लिहा. काय करताय? बोला.