पाटीवरचा ‘बुडून’

“बुडून? माझा भाऊ बुडून मेला असं कोन म्हनलं?”

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या साळूबाईच्या हातात अजून उलथनं होतं. शाळेच्या भिंतीवर शहीद जवानांची संगमरवरी पाटी बसवली होती, उद्या पंधरा ऑगस्टला तिचं अनावरण. नावं तीन. दोघांपुढे ‘वीरमरण’. तिसऱ्यापुढे, तिच्या दादापुढे, ‘सूर्यभान, नौदल, १९७१, समुद्रात बुडून मृत्यू’. साळूबाईला वाचता येत नव्हतं. रोहिणी मॅडमनी वाचून दाखवलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

“आजी, जुन्या कागदावर तसंच हाय,” सरपंच गोरक्ष म्हणाला. “जहाज बुडालं, मंग मानूस बुडनारच की.”

“बुडतो त्यो हिरीत, पाय घसरून! दादा पट्टीचा पोहनारा हुता.”

चोपन्न वर्षं ती हे ऐकत आली होती. लढाईत दादा गेला तेव्हा ती आठ वर्षांची. प्रेत नाही, नुसती तार आली. कोरड्या मुलखातलं पोर, पोहता येत नसेल, बुडालं बिचारं, असं गाव म्हणालं. त्या ‘बिचारं’नेच आई झिजून मेली, असं साळूबाईचं ठाम मत होतं. पुढे दादाच्या सोबत्याचं पत्र आलं, पण ते ऐकायला गावाला सवड कुठली!

तिने कमरेच्या पिशवीतून ते पत्र काढलं. गोरक्षने घडीसुद्धा उलगडली नाही.

“पत्र म्हंजी काय सरकारी कागद न्हाई. आन् आता एका शब्दासाठी पाटी बदलायची व्हय?”

“तुजा बाप दारू पिऊन मेला. दहाव्याच्या पत्रिकेवर काय छापलंस? कैलासवासी! तवा बरा शब्द घावला तुला!”

गोरक्षचं तोंड एवढंसं झालं. साळूबाई पाटीकडे वळली.

“म्याडम, त्यो शब्द कंचा?”

रोहिणी मॅडमनी एकदा सरपंचाकडे पाहिलं आणि शब्दावर बोट ठेवलं. साळूबाईने उलथन्याच्या कडेने अक्षरांचा काळा रंग खरवडून काढला. गोरक्ष ओरडत राहिला, पण तिचा हात धरायची कुणाची छाती झाली नाही. चुलीवरची खिचडी तेवढी करपली.

दुसऱ्या दिवशी झेंडावंदनानंतर गोरक्ष पाटी वाचू लागला. दोन नावं खणखणीत झाली.

“सूर्यभान, नौदल, एकोणीसशे एकाहत्तर, समुद्रात...”

तो अडला. ‘मृत्यू’च्या आधी नुसता पांढरा दगड होता.

“शिडी एकच हुती, तीबी खालून तुटल्याली,” मागून साळूबाई म्हणाली. पत्र पिशवीतच होतं. ते तिला तोंडपाठ होतं. “बॉयलरच्या खोलीत पानी भरत हुतं. सूर्यभान शिडीखाली हुबा ऱ्हायला. खांद्यावर पाय द्या म्हनला. आमी सहा जन त्याच्या खांद्यावरून वर आलो.”

तिने पदराने तोंड पुसलं.

“सातवा त्यो सोता हुता.”