मुंगीच्या कपाटातला डबा

दुकानात तिला सगळे मुंगी म्हणत, कारण फळीवरची शेवटची वस्तू ती हमखास कुणासाठी तरी बाजूला काढून ठेवी. दूध न पचणाऱ्या बाळांच्या सोयाबीन पावडरचा शेवटचा डबाही असाच तिच्या कपाटात होता, बसने येणाऱ्या आजोबांच्या नातीसाठी. नात आजोळी गेल्यापासून महिनाभर आजोबा फिरकले नव्हते.

सकाळी त्यांचा फोन आला. “पोरी, नात आली गं परत. आठवड्याला दोन डबे लागतील. दुसरं काही ठरतच नाही तिच्या पोटात.”

“या ना आजोबा, डबा ठेवलाय,” असं म्हणत तिने संगणकात पाहिलं. पावडरीपुढे लाल खूण होती. शिल्लक एक, महिन्याची विक्री शून्य, आज बारा वाजता यादीतून बाद.

शिल्लक संपली की संगणक आपोआप सहा डबे मागवी. पण त्याच्या लेखी एक डबा फळीवर होताच, मग तो मागवेल कशाला? रिकामी फळी बघून दोन आया परत गेल्या होत्या. त्यांची नोंद कुठेच नव्हती.

लाल खूण फक्त दुकान सांभाळणाऱ्या मोठ्या बाईंना काढता येई. आणि बाईंनी बजावलं होतं, पुन्हा माल लपवलास तर घरी बसशील.

साडेअकराला मुंगीने डबा बाईंच्या टेबलावर ठेवला. “हा माझ्या कपाटात होता. म्हणून खपला नाही.”

“आणखी काय आहे तुझ्या वारुळात?”

“चार-पाच वस्तू असतील.”

“असतील?”

“अकरा.”

बाईंनी कपाळाला हात लावला. “किती जणी परत गेल्या?”

“मी पाहिल्या त्या दोन.”

“आणि न पाहिलेल्या?”

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, लाल खूण काढली. “तुला घरी बसवलं तर परत गेलेल्यांचं मला सांगणार कोण? जा, कपाट रिकामं कर. किल्ली माझ्याकडे.”

दुपारी आजोबांनी डबा घेतला. “एकच?”

“तीन दिवस पुरेल. तिसऱ्या दिवशी मालाची गाडी येतेय.”

गल्ल्यावरच्या यंत्राने ‘टुंग’ करत डबा नोंदवला. मुंगीने पडद्यावर वाकून पाहिलं. शिल्लक शून्य. मागणी सहा.

शून्य बघून तिला इतकं हायसं कधी वाटलं नव्हतं.