काढलेला भाग

गुरुग्रामच्या त्या पंख्यांच्या कंपनीत भालचंद्र पटवर्धनांवाचून पान हलत नाही, असे मुख्यत्वे पटवर्धनच सांगत. चाचणी विभागाचे ते प्रमुख. निवृत्ती तोंडावर आलेली आणि मुदतवाढीचा अर्ज साहेबांच्या टेबलावर लोळत पडलेला. म्हणून नवकल्पना पद्धतशीरपणे कशा शोधाव्यात, याचे शिबिर लागले तेव्हा ते हट्टाने पहिल्या रांगेत बसले.

शिकवायला मीनाक्षी राजवाडे आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "प्रतिभेची वाट बघत बसू नका. वस्तूचे भाग मांडा. ज्यावाचून अडेलच असं वाटतं, नेमका तोच काढा. त्याच्या जागी बाहेरून दुसरा भाग आणायचा नाही; उरलेल्या भागांत काम कसं भागतं ते पाहा. आता हाच प्रयोग तुमच्या विभागावर. सर्वांत अत्यावश्यक भाग कोणता?"

पटवर्धनांनी शेजारी बसलेल्या, त्यांच्याच विभागातल्या श्रीरंगला कोपराने ढोसले. त्याला त्यांनीच सांगलीहून आणून नोकरीला चिकटवले होते.

"बोल की! मूग गिळलेस काय?"

"पण सर, मग तुम्हालाच काढतील."

"अरे वेड्या, गाडं अडलं की वाजतगाजत परत नेतील. साहेबांना कळू तर दे!"

श्रीरंगने नाव सांगितले. टाळ्या पडल्या.

आठवडाभर पटवर्धनांनी प्रयोगशाळेत खुर्ची टाकून नुसते बसायचे, असे ठरले. हात लावायचा नाही. काढलेला भाग बोलतही नाही. आरंभी ते मिशीतल्या मिशीत हसत होते. मग श्रीरंगने काही तपासण्या जुळणीवाल्यांकडेच सोपवल्या, नोंदी यंत्रावर घेतल्या, आणि काम दुपारीच उरकू लागले. "सर, चहा?" यापलीकडे त्यांना कोणी काही विचारीना. एकदा साहेब डोकावले आणि "वाह, बिल्कुल स्मूथ!" म्हणून निघून गेले. पटवर्धन खुर्ची पुढे सरकवून कुठे काही चुकतेय का ते शोधू लागले.

शेवटच्या दिवशी नव्या पंख्याची चाचणी होती. पंखा वर चढवताना पटवर्धनांना दिसले, की एका पात्याचे स्क्रू नुसतेच अडकवलेले आहेत, पिळलेले नाहीत. शब्द ओठांपर्यंत आले. ते त्यांनी गिळले. होऊ दे एकदा फजिती. कळू दे सगळ्यांना.

श्रीरंग गतिमापक घेऊन खाली उभा राहिला. पंख्याने वेग घेतला आणि पाते सुटले.

बद्दकन आवाज झाला. श्रीरंग हात छातीशी धरून खाली बसला. मनगटापासून पंजा भलतीकडेच वळला होता आणि बाही भराभर लाल होत होती. प्रयोगाचा शेवट पाहायला आलेले साहेब आणि मीनाक्षी धावत आले. कोणी पाणी आणले, कोणी टॉवेल गुंडाळला.

पटवर्धन खुर्चीतून उठले. इतक्या दिवसांनी त्यांना कंठ फुटला होता.

"बघितलंत? माझ्याशिवाय नाही चालत! ते स्क्रू मी वर चढवतानाच हेरले होते. एका नजरेत!"

टॉवेल बांधणारे मीनाक्षींचे हात थांबले. "चढवतानाच?"

"मग! इथं दुसऱ्या एकाला तरी दिसले का?"

श्रीरंगने मिटलेले डोळे उघडले. "सर, तुम्हाला दिसलं होतं?"

"अलबत!" पटवर्धन म्हणाले, आणि आशेने साहेबांकडे वळले.

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलेच नाही. ते दारातल्या रखवालदाराला म्हणाले, "पहले श्रीरंग को अस्पताल ले चलो. फिर पटवर्धनजी का गेट पास जमा कर लेना."